मंदावहिनीच्या तिसऱ्या आणि माझे काळे केस

अकरा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही. आणि मी कोण? तर ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस! मालवणच्या बाजारात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, पण ते पोटापुरतं. खरा धंदा बोलण्याचा. लग्नाचा हॉल असो, शाळेचं गॅदरिंग असो, क्रिकेटचे सामने असोत — माईक हातात धरून जो माणूस थांबता थांबत नाही तो मी. विलासभाई.

अशा माणसाने एक गोष्ट अकरा वर्षं गिळून ठेवायची, म्हणजे ती काय असेल? नाही, खून नाही. चोरी नाही. बाईची भानगडही नाही — बाई आहे त्यात, पण तशी नाही. तुम्ही आधी हसाल. मी हसवणारच तुम्हाला, हाडाची सवय आहे ती, जाणार कशी? पण हसता हसता कुठेतरी तुम्हीच थांबाल. तिथे थांबलात की समजा, मला जे सांगायचं आहे ते आलं.

केसांपासून सुरू करतो.

माझे केस अडतिसाव्या वर्षी पांढरे झाले. हळूहळू नव्हे, एका वर्षात. आणि मी तर तेव्हा नुकता कुठे नावारूपाला येत होतो! स्टेजवर चढलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं — "मंडळी, वय विचारू नका, केस बघा!" — आणि हॉल हसायचा. पांढऱ्या केसांनी हे वाक्य कसं म्हणणार? मग मी तेच केलं जे कुणीही करतो. कलप आणला. मालवणात नाही हो, मालवणात दुकानदार माझ्या ओळखीचा, त्याची बायको तर माझ्या आत्तेची नणंद. कागद आणायला सावंतवाडीला जायचो, तिथून आणायचो. दर वीस दिवसांनी न्हाणीघराचं दार लावायचं, दोन नळ्यांतलं मलम वाटीत कालवायचं, जुना टूथब्रश घ्यायचा. बायकोला माहीत होतं. एका न्हाणीघरात संसार करून कलप लपत नाही. पण ती कधी बोलली नाही.

बाकी जगाला मी काय सांगायचो? आईचं माक्याचं तेल! माका, जास्वंद, घाण्यावरचं खोबरेल. बायका कृती विचारायच्या आणि मी सांगायचो, अगदी खरी कृती, एक घटक लपवायचो नाही. तेल चांगलंच होतं. आईने ते जन्मभर लावलं. आणि आईचं डोकं साठीत कापसाच्या बोंडासारखं होतं — हे एकाच्याही लक्षात येऊ नये?

तुम्ही म्हणाल, कलप तो कलप, अर्धा महाराष्ट्र लावतो, त्यात लपवायचं काय? तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे आईबाप नाव ठेवतात ते शाळेच्या दाखल्यापुरतं. खरं नाव गाव ठेवतं. आमच्या वाडीत एक जण सासुरवाडीच्या माणसांसमोर होडीतून पाण्यात पडला, साठ वर्षांपूर्वी. त्याचा नातू आज पुण्यात इंजिनियर आहे, गणपतीला मोटारीतून उतरतो, आणि म्हातारे विचारतात, "बुडक्याचो नातू तो?" मला माझं नाव दिसत होतं. कलप्या. माझ्या मुलाच्या पत्रिकेवर छापलं नसतं तरी वाचलं गेलं असतं. आता ते नाव पडलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. तारकर्लीत येऊन कलप्याचं घर विचारा, शेंबडं पोरही दाखवील. गंमत सांगू? अजिबात दुखत नाही.

पण तेव्हा मला ते मरणासारखं वाटायचं. आणि त्या भीतीपायी मी — थांबा. आधी मंदावहिनी सांगायला हवी.

मंदावहिनी म्हणजे माझ्या लहानपणच्या मित्राची, दाजीची बायको. आमचं घर वाडीच्या रस्त्याकडच्या टोकाला, त्यांचं खाडीकडच्या. दाजी बोटीवर होता. शिडीवरून पडला, कंबर गेली, आणि कायमचा घरी आला. दोन वर्षं मंदावहिनीने नुसतं त्याला उठवलं, बसवलं. मग एक दिवस तिने पडवीत चार टेबलं मांडली. खानावळ. तारकर्लीत तेव्हा पर्यटकांची वर्दळ सुरू झाली होती, आणि मंदावहिनीच्या हाताला चव अशी की सांगायला माझ्यासारख्याचीही गरज नव्हती. त्यातही तिसऱ्यांचं सुकं. पहाटे खाडीतून आलेल्या तिसऱ्या ती मिठाच्या पाण्यात ठेवायची, तीनदा पाणी बदलायची, वाळूचा कण दाताखाली येईल तर शपथ. मग एकेक शिंपली हातात घेऊन दुसरीवर आपटायची, कान देऊन आवाज ऐकायची. खरंच सांगतो, कान देऊन. एखादा माणूस नाणं खरं की खोटं बघतो तसं.

दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी खानावळीचं उद्घाटन होतं. सूत्रसंचालन कोणाचं? चार टेबलांच्या खानावळीला सूत्रसंचालन कशाला, असं विचारू नका. मी आपणहून माईक आणला होता.

त्यासाठी शुक्रवारीच केस काळे करून घेतले. नेहमीची कंपनी दुकानात नव्हती, दुसरी घेतली, खोक्यावर 'अधिक गडद' लिहिलेली. कलपाच्या प्रत्येक खोक्यात एक कागद असतो, मुंगीच्या अक्षरातला. मी छापखानेवाला माणूस. त्या अक्षराचा आकार मी न वाचता सांगू शकतो — पण त्यात लिहिलंय काय ते मी सात वर्षांत वाचलं नव्हतं. त्या कागदाने मी लादीवरचे डाग पुसायचो. त्यात लिहिलेलं असतं, की आधी कानामागे थोडासा लावा आणि दोन दिवस थांबा, खाज सुटली, लाल झालं तर लावू नका. दोन दिवस! एवढंच.

शनिवारी डोकं पेटल्यासारखं झालं. कानांच्या कडा लाल, मागून पाणी झिरपायला लागलं. मला कळलं होतं का? होय. इथे मी तुम्हाला फसवणार नाही. मला शनिवारीच कळलं होतं, की हे कलपाचं आहे. खोबरेल चोळलं आणि रविवारी माईक घेऊन उभा राहिलो. उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, मी तिसऱ्यांच्या दोन वाट्या रिचवल्या. पोट तृप्त. डोकं ठणकतंय.

सोमवारी सकाळी डोळे उघडेनात. डावा डोळा बोटांनी ताणून आरशात बघितलं, तर समोर एक फणस! पिकलेला, फुटायच्या बेताला आलेला, आणि वर कुळकुळीत काळे केस. बायको किंचाळली. वाडीतला बाबी रिक्षावाला धावत आला आणि त्याने मला डॉक्टरकडे नेलं.

आता नीट ऐका, कारण सगळं त्या खोलीत झालं.

त्या दवाखान्यातल्या तपासायच्या खोलीला दार नव्हतं. अर्धा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे बाकावर कोण कोण होतं ते मला आजही पाठ आहे — पोस्टमन, मासळी विकून आलेल्या दोघी जणी, एक रडकं पोर घेतलेली बाई, आणि बाबी. डॉक्टरांनी माझं तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "नवीन काही लावलंत का? साबण, तेल, कलप?"

कलप हा शब्द त्या खोलीत पडला आणि पडद्यापलीकडचं रडकं पोरसुद्धा गप्प झालं. किंवा मला तसं वाटलं.

मी म्हणालो, "छे! आमच्या घराण्यात कलप कुणाला ठाऊक नाही."

"मग खाण्यात काही? मासे, शिंपले?"

बघा, त्यांनी बिचाऱ्यांनी दार उघडून दिलं. त्यांचा काय दोष? डॉक्टरने विचारायचं आणि रोग्याने खरं सांगायचं, एवढाच तर करार असतो. मी दारातून आत शिरलो. म्हणालो, "काल तिसऱ्या खाल्ल्या."

इथवर मी भित्रा होतो. भित्रेपणा एक वेळ — नाही, माफी मागायची नाही असं ठरवलंय, सोडा. डॉक्टर म्हणाले, "बाकी कुणाला त्रास झाला?" झाला नव्हता. साठ माणसं जेवली होती आणि साठही ठणठणीत होती. आता गप्प बसता आलं असतं. "नाही" म्हणता आलं असतं, ते म्हणाले असते, तुम्हाला एकट्याला सोसत नसतील, तिसऱ्या खाऊ नका, आणि विषय संपला असता. मंदावहिनीला कुणी काही म्हटलं नसतं.

पण माझ्यातला कलाकार जागा झाला! गोष्टीत भोक राहिलेलं मला सहन होत नाही. मी म्हणालो, "माझ्या वाटीत एक शिंपली बंद होती, डॉक्टर. मी नख घालून उघडली."

वाक्य किती लहान आहे बघा. पण किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा त्याचा अर्थ. वाफ लागली की जिवंत शिंपली आपणहून तोंड उघडते. जी उघडत नाही ती आधीच मेलेली, ती काढून टाकायची. हे आमच्याकडे पाचवीतली मुलगीही जाणते. बंद शिंपली वाटीत आली याचा अर्थ वाढणारीने बघितलं नाही. बेपर्वा. घाणेरडी. परक्याच्या पोटात मेलेलं घालणारी. आणि ती शिंपली कुठली होती? कुठलीच नव्हती. मी ती त्या खोलीत, त्या खुर्चीत बसून तयार केली. "नख घालून" — तेवढं नख घातलं नसतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. मला आठवतं, सुजलेल्या तोंडाने ते वाक्य बोलल्यावर मला बरं वाटलं होतं. चांगलं जमलं म्हणून.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी घरी पोचायच्या आत शिंपली वाडीत पोचली होती.

त्याच संध्याकाळी मंदावहिनी माझ्याकडे आली. हातात पेजेचं भांडं. दाजीला एकट्याला टाकून, सबंध वाडी चालून. मला दिसत नव्हतं, डोळे मिटलेलेच होते, पण भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती उशाशी बसली. मग विचारलं, "भावजी, खराच बंद होती ती?"

अजूनही वेळ होती! खोलीत ती, मी आणि माझी बायको. पडदा नव्हता, बाक नव्हतं, पोस्टमन नव्हता. काय जात होतं माझं?

मी मान हलवली. होय म्हणून.

ती म्हणाली, "माजी नदर चुकली." आणि गेली.

तुम्ही थांबलात ना हसायचे? मला वाटलंच.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. रिक्षावाले पर्यटकांना तिच्याकडे आणत, ते थांबले. बाबी तर माझा जिवलग, तो आपणहून सांगायचा, तिथे नको. तिने आधी तिसऱ्या बंद केल्या, मग पाटीवरचा 'मासे' हा शब्द खोडला, आणि शिमग्यापर्यंत पाटीच उतरवली. दाजीच्या बहिणीला त्याच्यापाशी ठेवून ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात गेली, तिथे मावशीकडे राहून तीन वर्षं काजू सोलले. परत आली ती वेगळीच होऊन. गावजेवणाला कामाला यायची, पण खोबरं किसायला बसायची. मासळीच्या टोपाकडे फिरकायची नाही. कुणी म्हटलं, "गो मंदा, तुझ्या हातचां होवन जावंदे," की म्हणायची, "माका नदर नाय." मुलीच्या लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला आला, त्याला तिने वालीची उसळ घातली. किनाऱ्यावर! जावयाला! मी पंगतीत होतो. मी एक विनोदही केला त्यावर. सगळे हसले.

आणि मी? मी अकरा वर्षं तिसरी तोंडात घातली नाही. घालणार कशी? मला तर त्या बाधतात ना! तिसऱ्यांसाठी जीव टाकणारा माणूस मी, लग्नालग्नातून त्यांचा वास घेत वरण-भात जेवायचो आणि लोक कळवळायचे, "विलासभाईंका सोसणत नाय हो." शिक्षा म्हणून नाही जेवलो, गैरसमज नको. खोटं उघडं पडू नये म्हणून.

कलप मात्र सोडला नाही. हे ऐकून तुम्ही मला वेडा म्हणाल. म्हणा. ती कंपनी टाकली आणि 'हर्बल' काळी मेंदी आणली. खोक्यावर पानं, हिरवी अक्षरं, 'अमोनिया नाही'. लग्नपत्रिकेवर हिरवी शाई घेतली की लोकांना ते पवित्र वाटतं, हे मीच गिऱ्हाइकांना शिकवत आलोय — आणि मीच फसलो. मेंदी कधी काळी होते का? मेंदी लाल. ती काळी करायला त्यात तेच घालतात जे नळीत असतं. दर वेळी खाज सुटायची, कानामागे पुटकुळ्या यायच्या. मग मी नवी युक्ती काढली — ॲलर्जीची गोळी आधी घ्यायची, मग लावायचं. किती हुशार! घर पेटलंय आणि मी धूर दिसू नये म्हणून खिडक्या लावून घेतोय.

यंदा तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. आदल्या दिवशी डोकं रंगवलेलं. एका लग्नात मांडवातला नाश्ता झाला, दुपारच्या मुहूर्तावर मंगलाष्टकं झाली, मी माईक घेतला आणि वाक्य अर्धवट राहिलं. जीभ जड झाली होती. लोकांना वाटलं, मी नवऱ्याच्या मामाची नक्कल करतोय — टाळ्या वाजवल्या! ओठ सुजले, पापण्या सुजल्या, आणि घसा कुणीतरी आतून दोरीने आवळायला लागलं. बायको आणि बाबीने मला उचलून रिक्षात घातलं. श्वास शिटीसारखा वाजत होता. मरतोय हे कळत होतं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. सुई टोचता टोचता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?" माझी बायको रडत ओरडली, "तिसऱ्या! ह्यांका तिसऱ्या बाधतत! त्या आचाऱ्यानच कायतरी घातल्यान असतला!"

आचारी. त्या लग्नाचा आचारी मला माहीत होता. कट्ट्याचा, साधा माणूस, दोन पोरी शिकताहेत. आता त्याचं नाव निघालं होतं, आणि बाबी तिथेच दारात उभा होता, ऐकत.

मला बोलता येत नव्हतं. मला! जीभ तोंडात मावत नव्हती. मग मी दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरले आणि ओढले. बायकोला वाटलं, झटका आला. ती माझे हात सोडवायला लागली. मी पुन्हा धरले. पुन्हा ओढले. डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला केलं, माझा कान उलटा केला, मागे राहिलेला काळा डाग बघितला, आणि अगदी हळू विचारलं, "कलप?"

मी डोळे मिटले आणि मान हलवली. होय.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी श्वास अजून मोकळा झाला नव्हता, पण काहीतरी झालं. आचारी तरी सुटला होता. मी त्या खाटेवर हसत होतो म्हणे. बायको अजून सांगते, मरायला टेकलेला माणूस हसताना तिने पहिल्यांदा बघितला.

चार दिवसांनी घरी आलो. न्हाव्याकडे जाऊन सगळे केस उतरवले. महिन्याभराने कुडाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणि एका पट्टीखाली कातडी भाजल्यासारखी झाली होती. पीपीडी, म्हणाले. काळा रंग पक्का बसतो तो बहुतेक याच रसायनाने. पुष्कळांना ते काही करत नाही. काहींना वर्षानुवर्षं करत नाही आणि एक दिवस शरीर त्याला ओळखतं. एकदा ओळखलं की जन्मभर विसरत नाही. पुढच्या वेळी आणखी चिडतं. गोळी घेऊन लावणं म्हणजे तर त्याने दिलेली हाक न ऐकणं. आणि मग त्यांनी सहज विचारलं, "शिंपल्यांचं काय म्हणत होतात? तपासलं आम्ही. तुम्हाला शिंपल्यांचं काहीही नाही."

बायको शेजारच्या खुर्चीवर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. परतीच्या बसमध्ये ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. घराच्या पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाली, "तुमी जातास, काय मी जाव?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

मंदावहिनी दारापुढचं खळं सारवत होती. दाजी पडवीत खुर्चीवर. मी वाटेत तीन भाषणं तयार केली होती, एकापेक्षा एक. एक तर इतकं सुंदर होतं की मलाच रडू आलं होतं. तिथे उभा राहिलो आणि तिन्ही बाजूला ठेवली. मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा माझं तोंड कलपाने सुजलं होतं. तिसऱ्या चांगल्या होत्या. बंद शिंपली नव्हतीच. मी ती बनवून सांगितली."

तिचा हात शेणात तसाच राहिला. माझ्या डोक्याकडे बघितलं तिने, पांढरी खुंटं आली होती. मग म्हणाली, "म्हणजे माजो हात चुकाक नाय?"

"नाही."

"नदरय चुकाक नाय?"

"नाही वहिनी."

ती मागे टाचांवर बसली. "अकरा वर्षां," ती म्हणाली, "अकरा वर्षां मी ती शिंपली आठवतंय. कशी सुटली, खंयच्या टोपात होती, कोणाची हाक इली म्हणान मान वळवली. आणि ती नायच होती?"

मला वाटलं होतं, मी माझं ओझं उतरवायला चाललोय. ओझं तिचं होतं हो. मी ते तिच्या डोक्यावर ठेवलं आणि अकरा वर्षं माईक घेऊन हिंडलो. गावाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही ते एक. तिने स्वतःवर ठेवला नाही, ते मी केलं.

शिव्या येतील म्हणून मी उभा होतो. हव्याच होत्या. दाजी म्हणाला, "विलास, मेल्या —" त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. दुखऱ्या कमरेने, स्वतः.

मंदावहिनी उठली. शेणाने भरलेल्या हातांनी कुंपणाशी गेली आणि असा आवाज काढला की मला माईकची लाज वाटावी — "गो शेवंते! भायर ये! आयकलंस? माजे तिसरे चांगले होते गो! ह्येका केसांचो रंग बाधल्लो! माजो हात चुकाक नाय!"

शेजारची शेवंती बाहेर आली, तिची सून आली. शेवंतीने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "शिरा पडो तुज्या केसांर!" म्हणाली आणि तशीच पलीकडच्या कुंपणाकडे धावली. मंदावहिनी हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. तिने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. मी निघालो.

तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंत नऊ घरं आहेत. बातमी माझ्या पुढे धावत होती, कुंपणावरून कुंपणावर. पहिल्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, दोघी उभ्या. "विलासभाई, खरां काय तां?" मी म्हणालो, "खरां." दुसऱ्या बेड्याशी म्हातारे काका, काठीवर रेललेले. "खरां काय रे?" "खरां, काका." इतकी वर्षं बोलतोय, पण एका शब्दावर इतका वेळ काढल्याचं मला आठवत नाही. ऊन छान पडलं होतं. डोक्याला वारा लागत होता आणि खाज नव्हती.

पाचव्या घरासमोर बाबी रिक्षा पुसत होता. त्याला कळलं होतं, फडका हातात तसाच होता. त्याने "खरां काय" असं विचारलं नाही. म्हणाला, "अकरा वर्षां मी लोकांका सांगलंय, थंय जेवू नकात. माज्या तोंडान सांगलंय." त्याने फडका सीटखाली कोंबला, रिक्षा चालू केली, अरुंद वाटेत पुढेमागे करत वळवली आणि खाडीकडे मंदावहिनीच्या घराच्या दिशेने गेला.

मी पुढे चालायला लागलो. अजून चार घरं होती.